शेकराचे घरटे, शेकराची वाट : वाचकांचे प्रश्न

शेकरू म्हणजे झाडांवर राहणारी मोठी खार. महाराष्ट्राच्या या राज्यप्राण्याविषयी सह्याद्रीच्या दोन्ही अंगांकडून पत्रे आली आहेत. त्यांतली निवडक पत्रे इथे घेतली आहेत. एकाच मुद्द्यावरची पत्रे एकत्र करून उत्तर दिले आहे.

प्रश्न : आमच्या गावच्या देवराईत मुलांनी शेकरांची १४ घरटी मोजली. म्हणजे तिथे १४ शेकरे आहेत असे धरायचे का? आणि दिसणारे प्रत्येक घरटे शेकराचेच, हे कसे ओळखायचे? (एक शिक्षिका, आंबेगाव तालुका)

नाही, तसे धरू नका. शेकरू एकटे राहते, पण आपल्या हद्दीत ते एकाच वेळी अनेक घरटी बाळगून असते. रात्री झोपायचे एक, दुपारी पडायचे दुसरे, शिवाय मादीला पिल्लांसाठी वेगळे. पावसाळ्यातल्या वाऱ्यापावसात घरटी विस्कटतात, मग नवी बांधली जातात, आणि सोडून दिलेली जुनी महिनोन्‌महिने फांदीवर तशीच राहतात. तुमची १४ घरटी दोन-तीन शेकरांचीही असू शकतील. घरट्यांचा आकडा हा शेकरांचा आकडा म्हणून छापला की पुढच्या सगळ्या नोंदी चुकतात.

म्हणून घरटी मोजायची नाहीत असे नाही. ती नीट मोजली तर जंगल कसे आहे हे चांगले कळते. प्रत्येक घरट्यासाठी पाच गोष्टी लिहायला सांगा : झाड कोणते, झाडाची अंदाजे उंची, घरट्याची उंची, त्या झाडाच्या फांद्या शेजारच्या किती झाडांना टेकतात, आणि घरट्याची अवस्था. अवस्थेचे तीन प्रकार पुरतात. हिरवी पाने दिसत असतील तर ‘ताजे’. पाने सुकलेली, पण गोळा घट्ट आणि खालून पाहिल्यावर आरपार उजेड दिसत नाही, तर ‘वापरातले’. गोळा बसलेला, मधून आकाश दिसते, तर ‘मोडके’. वर्षागणिक तुलना करताना पहिले दोनच प्रकार धरा, आणि मोजणी दर वर्षी त्याच महिन्यात, त्याच वाटेने करा. पानगळीच्या जंगलात पाने झडल्यावर घरटी जास्त दिसतात. एका वर्षी डिसेंबरात आणि दुसऱ्या वर्षी एप्रिलात मोजलेत तर फरक जंगलातला नसून पानांचा असेल.

आता ओळख. शेकराचे घरटे म्हणजे काटक्यांचा आणि पानांचा बंद गोळा. फुटबॉलपेक्षा बराच मोठा, वर छप्पर असलेला, तोंड बाजूला. मोरघारीचे घरटे मोठे असले तरी उघडे असते, बेचक्यात रचलेला सुक्या काटक्यांचा पसरट थरच तो. कावळ्याचे लहान आणि वाटीसारखे. हुमल्यांनी, म्हणजे झाडावरच्या लाल मुंग्यांनी, शिवलेल्या पानांचा गोळाही लांबून फसवतो, पण त्यात काटक्या नसतात.

जागाही पाहा. शेकरू घरटे बुंध्याजवळच्या जाड फांदीवर क्वचितच बांधते. ते बाहेरच्या, बारीक फांद्यांकडे असते, कारण तिथे बिबट्याचे वजन पेलत नाही. आणि जिथे दोन-तीन झाडांचे शेंडे एकमेकांत शिरलेले असतात तिथेच बहुतेक घरटी सापडतील. एका बाजूने धोका आला तर दुसऱ्या बाजूने निसटायची वाट हवी. म्हणूनच मघाची ‘किती झाडांना टेकते’ ही नोंद पाचांत सर्वांत मोलाची आहे.

प्रत्यक्ष शेकरे मोजायची असतील तर उजाडल्यापासून साधारण दहापर्यंत, नाहीतर दुपारी तीननंतर फिरा. मधल्या वेळेत ते फांदीवर पोट टेकून पडलेले असते आणि नजरेतून सुटते. तासाला एक किलोमीटरपेक्षा जास्त चालू नका. दर शंभर मीटरवर पाच मिनिटे थांबा. दिसलेल्या प्रत्येक शेकराची वेळ आणि ते कोणत्या दिशेला गेले हे लिहा. दोन गट दोन वाटांनी गेले असतील तर शेवटी वेळा ताडून पाहा, नाहीतर एकच जनावर दोनदा मोजले जाते. धुक्याचा किंवा पावसाचा दिवस सोडून द्या. ते दिसावे म्हणून फांदी हलवणे किंवा दगड मारणे यातले काहीही नको.

प्रश्न : शेकरू उडते असे आमच्याकडे सांगतात. खरे का?

उडत नाही, तरंगतही नाही. ते झेप घेते, आणि ही झेप सहा मीटरपर्यंत जाऊ शकते. मागचे पाय ताणून, चारही पाय पसरून ते हवेत जाते, शेपूट मागे लांब. पाहणाऱ्याला तो क्षण उडण्यासारखाच वाटतो. पण अंगाला पडदा नसतो. पुढच्या आणि मागच्या पायांमध्ये कातडीचा पडदा असतो तो उडत्या खारीला. ती रात्री बाहेर पडते, दिवसा ढोलीत झोपते, आणि पडदा ताणून एका झाडावरून दुसऱ्या झाडाकडे उतरत जाते. शेकरू पूर्ण दिवसाचा प्राणी आहे. रात्री टॉर्चच्या उजेडात डोळे चमकवणारे जे काही तुम्ही पाहिले असेल ते शेकरू नव्हे.

प्रश्न : भीमाशंकरचे शेकरू तांबूस आणि मेळघाटातले काळपट दिसते. या दोन जाती आहेत का?

जात एकच, रातुफा इंडिका. तिचे शास्त्रीय वर्णन १७७७ मध्ये झाले, आणि ती फक्त भारतातच आढळते. रंगाचे प्रकार म्हणजे तिच्या उपजाती. उत्तर सह्याद्रीतल्या, भीमाशंकर-महाबळेश्वरकडच्या, उपजातीचे वर्णन कर्नल साइक्स यांनी १८३१ मध्ये केले, आणि मुंबईचे गव्हर्नर राहिलेले माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांचे नाव तिला दिले. हिची पाठ तांबूस-विटकरी, पोट आणि पुढचे पंजे फिके, शेपटीचे टोक पांढुरके. सह्याद्रीत दक्षिणेकडे जावे तसा खांद्यावर, कमरेवर आणि शेपटीवर काळा रंग वाढत जातो. सातपुड्यातल्या शेकराच्या अंगावरही काळा भाग ठळक असतो. उपजाती नेमक्या किती मानायच्या यावर अभ्यासकांत एकमत नाही, त्यामुळे पुस्तकागणिक आकडा वेगळा दिसला तर गोंधळू नका.

इतका भडक प्राणी लपतो कसा, असेही एका पत्रात विचारले आहे. मोकळ्या उन्हात तो भडक खराच. पण दाट पानांतून उन्हाच्या तिरिपा पडतात तिथे तांबूस आणि फिके पट्टे एकमेकांत मिसळतात आणि शरीराची कड नजरेला सापडत नाही. वर काळा गरुड किंवा मोरघार आली की शेकरू पळत नाही. ते फांदीला चिकटून गोठल्यासारखे थांबते, किंवा खोडाच्या पलीकडच्या अंगाला सरकते. हलला की दिसला, असा सगळा हिशेब आहे.

प्रश्न : ते उलटे लटकून का खाते? आणि अर्धवट खाल्लेली फळे टाकून नासाडी का करते?

फळे, फुलांच्या कळ्या आणि कोवळी पालवी येते ती फांदीच्या टोकाला. दीड-दोन किलोचे जनावर टोकावर बसले तर फांदी वाकते. म्हणून ते मागच्या पायांच्या नख्या जाड भागात रोवते, डोके खाली सोडते आणि पुढचे दोन्ही पंजे मोकळे ठेवून फळ धरते. शरीराइतकी किंवा त्याहून लांब असलेली शेपूट फांदीच्या दुसऱ्या बाजूला लोंबते आणि तोल राखते. तराजूच्या दोन पारड्यांसारखीच ही मांडणी आहे. पुढच्या पंजाच्या आतल्या बाजूला रुंद गादी असते, तिच्यामुळे अंगठा नावापुरताच असूनही पकड घट्ट बसते.

खाण्यात जांभूळ, आंबा, उंबर, फणस, हिरडा असे पुष्कळ काही येते. फळांच्या जोडीला बिया, फुले, कोवळी पाने, झाडाची साल, अधूनमधून किडे आणि पक्ष्यांची अंडीही. वर्षभर एकच झाड फळत नाही, म्हणून त्याला मिसळीचे जंगल लागते. नुसत्या सागाच्या लागवडीत ते तग धरत नाही.

नासाडी म्हणाल, तर शेकरू पुष्कळदा गरासाठी नव्हे, बीसाठी फळ फोडते, आणि उरलेले टाकते. खाली पडलेले ते वाया जात नाही. भेकर, सांबर, साळिंदर यांना झाडावर चढता येत नाही. शेकरू चरत असलेल्या झाडाखाली पहाटे ताजी खुरे उमटलेली असतात ती यामुळेच. बी फोडून खाल्ली की त्या बीचे झाड होणार नाही हे खरे, पण तोंडातून निसटलेली अख्खी फळे मूळ झाडापासून दूर जाऊन पडतात हेही तितकेच खरे.

प्रश्न : वादळानंतर झाडाखाली शेकराचे पिल्लू सापडले. डोळे मिटलेले होते. अशा वेळी काय करावे? (मुरबाडचे एक वाचक)

या प्रश्नावर सविस्तर लिहायला हवे, कारण इथे चांगल्या हेतूनेच पिल्ले मरतात.

पहिले काम म्हणजे कुत्री, मांजरे आणि गर्दी दूर करणे. मग जखम आहे का पाहा. रक्त, चिकटलेल्या मुंग्या, किंवा अंगावर तांदळाच्या कणीसारखी पांढरट माशीची अंडी दिसली तर पिल्लाला आईकडे परत ठेवायचा विचार सोडा आणि थेट वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात वनविभागाचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

जखम नसेल तर ऊब द्या. पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ सुती कापड घाला. टॉवेल नको, त्याच्या धाग्यांच्या फासात नखे अडकून बोटे मोडतात. बाटलीत हाताला सोसवेल इतके कोमट पाणी भरून ती कापडात गुंडाळा आणि खोक्याच्या एकाच बाजूला ठेवा, म्हणजे गरम झाल्यावर पिल्लाला दुसरीकडे सरकता येईल. अर्ध्या-पाऊण तासाने पाणी बदला.

दूध पाजू नका. गाईच्या किंवा म्हशीच्या दुधाने पोट फुगते आणि जुलाब लागतात. अंग गार असलेल्या पिल्लाला तर काहीच पचत नाही. चमच्याने किंवा बोळ्याने पाजलेले दूध नाकातून फुप्फुसात उतरते, आणि एक-दोन दिवसांनी पिल्लू धापा टाकून मरते. तेव्हा कोणाच्या लक्षातही येत नाही की कारण दुधाचे आहे.

पिल्लू उबदार झाले, हालचाल करू लागले, आणि दिवस शिल्लक असेल तर आईला संधी द्या. तळाला भोके असलेली टोपली घ्या, तळाशी पाने घाला, आणि त्याच झाडाला, नाहीतर शेजारच्या झाडाला, सुरक्षितपणे पोचता येईल तितक्या उंचीवर बांधा. दोन-तीन मीटरही चालतील. टोपली फांदीला टेकलेली हवी, लोंबती नको. सगळ्यांनी निदान तीस-चाळीस मीटर मागे जाऊन शांत बसा. माणसाचा वास लागला की आई टाकते ही समजूत चुकीची आहे. आई घाबरते ती गर्दीला. ती आली तर पिल्लाला तोंडात धरून दुसऱ्या घरट्यात नेते. घरटी अनेक असतात त्याचा उपयोग इथे होतो. अंधार पडल्यावर ती येणार नाही, म्हणून संध्याकाळपर्यंत आली नाही तर टोपली उतरवून पिल्लू वनखात्याच्या ताब्यात द्या.

ते घरी वाढवायचा मोह होईल. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ प्रमाणे तो गुन्हा आहे. कायदा बाजूला ठेवला तरी, माणसाच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या शेकराला कुत्र्याची भीती राहत नाही आणि उंच फांद्यांची सवय लागत नाही. एका वेळी एकच किंवा दोनच पिल्ले देणाऱ्या प्राण्याचे प्रत्येक पिल्लू जंगलात परत जाणे गरजेचे आहे.

प्रश्न : आमच्या राईतून रस्ता गेल्यापासून शेकरे जमिनीवर उतरून तो ओलांडतात. दोन गाडीखाली गेली. दोर बांधून उपयोग होतो का? (एक ग्रामपंचायत सदस्य)

होतो, पण दोर कुठे आणि कसा बांधला यावर सगळे अवलंबून आहे. शेकरू जमिनीवर अवघडलेले असते, उड्या मारत जाते, आणि कुत्र्याला किंवा वाहनाला सहज सापडते. ते उतरते याचा अर्थ वरची वाट तुटली आहे.

आधी दोन आठवडे फक्त पाहा. शेकरे नेमक्या कोणत्या झाडापर्यंत येऊन थांबतात, कुठे उतरतात, हे टिपा. पूल तिथेच हवा. सोयीचे झाड म्हणून शंभर मीटर लांब बांधलेला पूल रिकामा राहतो.

एकेरी दोरापेक्षा आडवी शिडी बरी. दोन जाड समांतर दोर, मध्ये साधारण एक फूट अंतर, आणि फूटभर अंतराने पायऱ्या. काथ्याचा दोर सह्याद्रीच्या पावसात एक-दोन पावसाळ्यांत कुजतो. स्वस्त प्लॅस्टिकचा दोर उन्हाने ठिसूळ होतो आणि बाहेरून धड दिसत असताना तुटतो. उन्हाला टिकणारा, जाड, खरखरीत दोर घ्या. दोन्ही टोके उघड्या बुंध्याला न बांधता पानांच्या गर्दीत, फांद्यांमध्ये न्या. मोकळ्यावर यावे लागले तर शिकारी पक्ष्याच्या भीतीने शेकरू पुलाकडे फिरकणार नाही. मधला झोळ कमी ठेवा, आणि सर्वांत उंच वाहनाच्या वर पुरेशी मोकळी जागा सोडा. वीजतारा जवळ असतील तर ती जागाच सोडा.

झाडाला गाठ थेट बांधू नका. बुंधा जाडावतो, दोर सालीत रुततो, आणि काही वर्षांत ज्या झाडावर पूल आहे तेच वाळते. दोराखाली जुन्या टायरचा किंवा रबरी नळीचा तुकडा घाला आणि दर वर्षी पावसाळ्यानंतर गाठ सैल करून पुन्हा बांधा. हे काम कोणाचे, ते नाव घालून ठरावात लिहा. बांधलेले पूल निकामी होतात ते बहुतेक इथेच. रस्ता आणि जंगल ज्यांच्या ताब्यात आहे त्यांची लेखी परवानगी लागेलच. शेकरे पूल वापरू लागायला महिनेही लागतात, लगेच उपयोग नाही म्हणून उतरवू नका.

पूल हा मधल्या काळाचा उपाय. खरी वाट झाडांची. रस्त्याच्या दोन्ही अंगांना जांभूळ, आंबा, उंबर, पारजांभूळ, अंजनी, हिरडा अशी तिथलीच झाडे लावा. दीड फूट लांब, रुंद, खोल खड्डे मे महिन्यात खणून उन्हाने तापू द्या, आणि पहिला चांगला पाऊस झाल्यावर रोपे लावा. तीन-चार मीटर अंतर ठेवा, म्हणजे शेंडे एकमेकांना लवकर भिडतील. पहिली तीन वर्षे गुरांपासून कुंपण आणि उन्हाळ्याआधी जाळरेषा (वणवा अडवायला साफ केलेली पट्टी), या दोन्हींशिवाय लागवड टिकत नाही. निलगिरी, सुरू, ऑस्ट्रेलियन बाभूळ यांचा शेकराला उपयोग नाही.

आणि जी वाट आज शाबूत आहे ती आधी जपा. राबासाठी, म्हणजे भाताच्या रोपांची जागा भाजायला, डहाळ्या तोडताना रांगेतली सगळी झाडे एकाच वर्षी बोडकी करू नका. एकाआड एक तोडली तरी शेंड्याशेंड्याने जाता येते. घरटे असलेले झाड आणि त्याला टेकलेली झाडे सोडून द्या.

प्रश्न : शेकरू आमची शहाळी फोडते. बंदोबस्त काय? (सिंधुदुर्गातील बागायतदार)

तक्रार खरी आहे, आणि राज्यप्राणी म्हणून ती झटकून टाकणे बागायतदारावर अन्याय होईल. पण आधी चोर ओळखा. दिवसा, विशेषतः सकाळी, फळ फुटत असेल तर शेकरू किंवा वानर. रात्रीतून देठाजवळ लहान गोल भोक पडून फळे गळत असतील तर उंदीर. सलग दोन-तीन सकाळी उजाडायच्या आधी बागेत बसल्याशिवाय खर्च करू नका.

माडाच्या बुंध्याला गुळगुळीत पत्र्याचा पट्टा हा नेहमीचा उपाय. दोन मीटरच्या वर, निदान दोन-अडीच फूट रुंद, कडेला फट न ठेवता. माडाचा बुंधा रानझाडांसारखा जाडावत नाही, त्यामुळे पट्टा वारंवार सैल करावा लागत नाही. तरीही तो फसतो, आणि कारण वर असते. झावळ्या शेजारच्या माडाला किंवा रानातल्या झाडाला टेकलेल्या असल्या तर शेकराला बुंध्याची गरजच नाही. एका माडाला पट्टा मारून भागत नाही. एकमेकांना भिडलेला सगळा गट धरावा लागतो, आणि गटाच्या कडेला रानाकडून येणारी फांदी झेपेच्या पल्ल्याबाहेर ठेवावी लागते. तोडायची ती आपल्या हद्दीतली, बागेकडे झुकलेली फांदी. पलीकडच्या रानातले झाड नव्हे. बाग रानातच असेल तर हा उपाय पुरा पडत नाही, हे स्पष्ट सांगायला हवे. तिथे रानाकडच्या दोन ओळींतली शहाळी वेळेवर उतरवणे आणि सकाळची राखण यांनीच नुकसान कमी होते.

फासे, बंदूक, विष यांतले काहीही करू नका. गुन्हा तर आहेच, शिवाय विषाने उंदीर खाणारी घुबडे आणि उदमांजरे मरतात आणि पुढच्या हंगामात उंदीर वाढतात.

प्रश्न : शेकरू पाहायला कुठे आणि कधी जावे? त्याला खायला काय न्यावे?

१९८५ मध्ये जाहीर झालेले भीमाशंकर अभयारण्य सर्वांना माहीत आहे. फणसाड, महाबळेश्वर, कोयना, राधानगरी, आंबोली आणि मेळघाट इथेही ते आढळते. सकाळी लवकर जा आणि वर पाहत फिरण्याऐवजी एखाद्या फळलेल्या झाडाजवळ थांबून ऐका. वारा नसताना पानांवर साली, बिया टपटपू लागल्या की वर कोणीतरी खात आहे. खडखडाटासारखी सलग ‘चक्‌-चक्‌’ ऐकू आली, शेपूट झटकली जाऊ लागली, तर तो तुम्हाला दिलेला इशारा आहे. तिथेच थांबा आणि चार पावले मागे या. दोन-तीन मिनिटांत ते पुन्हा खायला लागते.

खायला काहीही नेऊ नका. बिस्किटे आणि चिवड्यातले मीठ-साखर त्याच्या पोटाची नाहीत. त्याचे पुढचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि कठीण बिया-साली कुरतडूनच झिजतात, मऊ खाण्याने झिजत नाहीत. पण त्याहून मोठा धोका असा की खाऊसाठी ते खाली, वाटेवर, कुत्र्यांच्या टप्प्यात येऊ लागते. उन्हाळ्यात जमिनीवर पाण्याची भांडी ठेवण्याचेही तेच. पाणी त्याला मुख्यतः फळापानांतून मिळते, आणि ढोलीत साचलेले पाणीही ते पिते. जुनी, ढोल्या असलेली झाडे ‘वाळकी’ म्हणून तोडू दिली नाहीत तर तेवढे पाणी वरच्या वर राहते.